कापसाचं शेंडेनक्षत्र

मी ज्याच्याकडे बघते तेवढंच मला दिसत नाही. बाकी सगळं दिसतं. तुम्ही समोर येऊन बसलात तर तुमचे कान दिसतील, खांदे दिसतील, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसेल, आणि नाकाडोळ्यांच्या जागी एक करडा डाग दिसेल. तुमचा चेहरा बघायचा तर मला तुमच्या कानापलीकडे बघावं लागतं. मग लोकांना वाटतं, बाई आपल्याशी बोलताना सारखी दाराकडे बघतेय, म्हणजे आपण कधी उठतोय याची वाट बघतेय. काहींच्या बाबतीत ते खरंही असतं.

"पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडा शाबूत आहेत," डोळ्यांची डॉक्टर म्हणाली होती. "गेलेलं परत येणार नाही, पण पूर्ण अंधारही होणार नाही." हे तिनं अशा सुरात सांगितलं की जणू माझं अभिनंदनच करत होती. मी तिचे आभार मानले आणि बाहेर येऊन बाकावर बसून रडले. उभा जन्म मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला. लोक पुस्तकं वाचतात, मी त्यांतल्या चुका वाचायचे. माझ्या नजरेतून एखादी वेलांटी निसटली आणि ती लेखकाला सापडली, तर तो आठवडा घरात कुणी माझ्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. अशा बाईला आता दुकानाची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती.

अक्षरांचं दुःख मी गिळलं. ऐकायची पुस्तकं मिळतात. त्यांतल्या चुका दिसत नाहीत, एवढंच. पण यंदा तो येणार होता, आणि तो मला बघायचाच होता.

तो म्हणजे धूमकेतू. पेपरात येतो तो नव्हे, लांबलचक शेपटीचा, ज्याच्यासाठी गच्च्या भरतात आणि पोरं खांद्यांवर बसतात. आमचा अगदी गरीब. सहा-सात वर्षांनी सूर्याकडे एक चक्कर मारून जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. दुर्बिणीतूनसुद्धा तो दिसतो म्हणजे काय, तर काचेवर कुणी हळूच श्वास सोडावा तसा पुसट डाग. बाबा त्याला जुन्या शब्दानं शेंडेनक्षत्र म्हणायचे आणि माझ्या धाकट्या बहिणीला शेंडेफळ. लहानपणी तिची समजूत होती की दोन्ही नावं तिचीच. खरं कळलं तेव्हा तिनं दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "याला शेंडा कुठाय?" तेव्हापासून तिचं आणि आकाशाचं जे बिनसलं ते बिनसलंच.

माझं मात्र जमलं. बाबांनी स्वतः आरसा घासून बनवलेली ती दुर्बीण माझ्याकडे आली, आणि त्यानंतर तो धूमकेतू जितक्या वेळा आला तितक्या वेळा मी त्याला गाठला. एकदा अंगात ताप होता, एकदा हात गळ्यात बांधलेला होता, एकदा घरात नवऱ्याशी शेवटचं भांडण चाललं होतं. ते अर्धवट टाकून मी गच्चीवर गेले. बघायचं, किती तेजस्वी आहे त्याचा अंदाज घ्यायचा आणि तो कळवायचा. अशा नोंदी जमा करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही नोंदवाले म्हणतो. आवाजापलीकडे आमची ओळख नाही, पण ती जुनी आहे.

आता धाकटी आणि मी एकत्र राहतो. तिचा नवरा गेला, माझा मी घालवला. ती दवाखान्यात परिचारिका होती. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं, आणि सख्खी बहीण असून मी एकटीच तिला धाकटी म्हणायचे. स्वभावानं ती गोड आहे, आणि माझी खरी अडचण तीच आहे. पन्नास खाटांच्या वॉर्डात तिनं आयुष्यभर प्रत्येकाला "आज चेहरा छान दिसतोय हं" म्हणून सांगितलं. त्यातले काही दुपारपर्यंत गेले. ते समाधानानं गेले, असं तिचं म्हणणं.

धूमकेतूचा विषय काढला तेव्हा ती भाजी निवडत होती.

"ताई, तो गच्चीचा जिना बघितलायस ना?"

"सरळ बघितला तर नाही दिसत. बाजूला बघितलं की दिसतो."

"चेष्टा पुरे. वरच्या वळणाला कठडा नाही. पहाटेच्या अंधारात पाय चुकला तर खुब्याचं हाड जातं. मी अशा किती उचलल्यात."

"मग मलाही उचल."

तिनं पातेलं जरा जोरात ठेवलं. बराच वेळ आमची ओढाताण चालली आणि शेवटी तह झाला. यंदा ती मला हात धरून वर नेईल. मला धूमकेतू दिसला तर पुढचं पुढं बघू. नाही दिसला, तर दुर्बीण मुलींच्या शाळेला देऊन टाकायची आणि त्या जिन्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. मी कबूल झाले. माझ्याकडे एक हुकमी पान होतं, ते मी तिला दाखवलं नव्हतं.

ते पान असं. अंधारातली पुसट वस्तू सरळ बघून कुणालाच दिसत नाही. डोळ्याचा मधला भाग उजेडातल्या कामाचा. अंधारातलं काम कडा करतात. म्हणून आकाश बघणारे ज्याला बघायचं त्याच्याकडे बघतच नाहीत, जरा बाजूला बघतात, आणि मग तो डाग नजरेच्या कडेला हळूच उमटतो. बाबा याला काणाडोळा म्हणायचे. शब्द काणाडोळाच आहे, कानाडोळा नव्हे. त्यात कानाचा काही संबंध नाही, काण्या डोळ्याचा आहे. या एका अक्षरावरून मी छापखान्यात निम्म्या लेखकांशी भांडले आहे. सांगायचा मुद्दा, माझं मधलं गेलं होतं, पण धूमकेतूला मधल्याशी कधी देणंघेणंच नव्हतं. आता मी चोवीस तास काणाडोळाच करत होते.

पहिल्या पहाटे धाकटीनं मला वर नेलं. दुर्बिणीच्या पाठीवरच्या लहान नळीतून तिनं मला हवा तो ठळक तारा पकडून दिला. तेवढं आता माझ्याच्यानं होत नाही. तिथून पुढं मी हातानं, अंदाजानं सरकत गेले. बऱ्याच वेळानं कडेला काहीतरी उमटल्यासारखं वाटलं. मी बाजूला झाले.

"बघ. मधल्या मोठ्या ताऱ्याच्या जरा वर."

तिनं डोळा लावला. लावला न लावला तोच म्हणाली, "हो ग! दिसला की. किती नाजूक आहे!"

"वर?"

"हो, वरच."

"मला खाली दिसला होता," मी म्हणाले. "तुला मुद्दाम वर सांगितलं."

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं, तिच्या साखळीचा आवाज तेवढा येत होता.

"मला वाटलं तुला बरं वाटेल," ती म्हणाली.

मी तिला नाही नाही ते बोलले. राग तिचा होता तसा स्वतःचाही होता, कारण मलाही आता खात्री राहिली नव्हती. छापखान्यातली सगळ्यात मोठी चूक कुठली ते मला ठाऊक आहे. बारीक अक्षरातली नव्हे. मुखपृष्ठावर, हाताएवढ्या टायपात लेखकाचं नाव चुकतं, आणि सहा जणांच्या हाताखालून जाऊनही कुणाला दिसत नाही. कारण ते नाव तिथं असणारच हे सगळ्यांना माहीत असतं, मग ते वाचायचं कशाला? डोळा असतं ते वाचत नाही, असायला हवं ते वाचतो. मला धूमकेतू तिथं हवा होता, हवाच होता. अशा बाईच्या डोळ्यावर कोण विश्वास ठेवील? मी तरी ठेवला नसता.

छापखान्यात यावर एक उपाय होता. दुसऱ्या तपासनिसाला पहिल्याच्या खुणा असलेला कागद द्यायचा नाही. कोरी प्रत द्यायची आणि मग दोघांच्या खुणा ताडून बघायच्या. दुपारी मी नोंदवाल्यांना फोन लावला.

"बाई, तुम्ही एवढी दगदग कशाला करता?" ते म्हणाले. "फोटो आहेतच आता. कॅमेऱ्यातून नेमकी जागा कळते, तेज कळतं."

"कॅमेऱ्याला कळतं. मला दिसतो का ते मला बघायचंय. तुम्ही फक्त तारा सांगायचा, ज्याच्या आसपास तो आहे. कुठल्या बाजूला, ते सांगायचं नाही. मी जागा लावून पाठवीन, मग तुम्ही ताडून बघा."

"आणि चुकली तर?"

"चुकली तर चुकली म्हणायचं. गोड बोलायला घरात एक आहे."

ते हसले आणि कबूल झाले. राहता राहिला प्रश्न जागा लावायची कशी. पेन्सिलीनं काढलेलं मला दिसत नाही. मग धाकटीच्या जुन्या ट्रेमध्ये मी काळं लोकरी कापड अंथरलं आणि तिचा बटणांचा डबा मागून घेतला. मोठा तारा म्हणजे कोटाचं बटण, लहान तारे म्हणजे सदऱ्याची बटणं. धूमकेतूसाठी तिनंच तिच्या कपाटातून कापूस काढून दिला. मी तो बोटांनी विस्कटून अगदी विरळ केला, कारण तो तसाच दिसतो.

दुसऱ्या खेपेला हवा स्वच्छ होती. नोंदवाल्यांनी सांगितलेला तारा धाकटीनं पकडून दिला. नजरेच्या कडेला तीन तारे एका ओळीत आले, मधला मोठा, दोन्ही बाजूंना एकेक बारीक. मी डोळा फिरवत राहिले. उजवीकडे बघ, डावीकडे बघ, वर बघ. काही नाही. मान आखडली. थंडीनं बोटं बधिर झाली. धाकटी दोनदा म्हणाली, "पुरे आता," आणि दोनदा मी ऐकलं नाही. मग मी दुर्बिणीला बोटानं हलकेच टिचकी मारली. दृश्य थरथरलं की पुसट वस्तू दिसून जाते. ही बाबांची युक्ती. आणि खाली, डावीकडे, काहीतरी त्या ताऱ्यांबरोबर थरथरलं. पुन्हा टिचकी. पुन्हा तिथंच. मी मुद्दाम दुसऱ्या बाजूंना शोधलं, तिथं नव्हतं. परत आले, तर होतं.

मी ट्रे मांडीवर घेतला आणि चाचपून तीन बटणं लावली. त्यांच्या खाली डावीकडे कापूस ठेवला. एक शब्द बोलले नाही.

जिन्यावर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून धाकटीनं आधी ट्रे खाली नेऊन ठेवला आणि मग मला न्यायला वर आली. तिला जरा वेळ लागला. ट्रेचा फोटो तिनं तिच्या मोबाइलवरून नोंदवाल्यांना पाठवला. त्यांनी त्यांचा कॅमेऱ्यातला फोटो आधीच तिला पाठवून ठेवला होता. तो माझ्यादेखत, सगळं झाल्यावर उघडायचा असं ठरलं होतं.

सकाळी फोन आला. नोंदवाले होते.

"बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून स्पष्ट सांगतो. तुमच्या दुर्बिणीत उलटं दिसतं, त्याप्रमाणे मी फोटो फिरवून लावला. धूमकेतू खाली डावीकडे येतो. तुमचा कापूस वर उजवीकडे आहे. अगदी विरुद्ध बाजूला."

"माझा कापूस खाली डावीकडे आहे," मी म्हणाले.

"नाही हो. वर उजवीकडे."

ट्रे टेबलावर होता. मी हात लावला. तीन बटणं, आणि कापूस खरंच वर उजवीकडे. पण तो माझा कापूस नव्हता. मी तो विस्कटून विरळ ठेवला होता, आणि हा छान घट्ट वळलेला, टोकं आत दुमडलेला बोळा होता. जखम पुसायला करतात तसा. असा बोळा या घरात एकच माणूस करतं.

"धाकटे," मी म्हणाले.

ती ओट्यापाशी होती. बराच वेळ नळ चालू राहिला, मग बंद झाला.

"तुझं चुकलंय असं वाटलं ग मला," ती म्हणाली. "जिन्यात मी फोटो उघडला. त्यात तो वर होता आणि तू खाली लावलेला. मला बघवेना. तू त्या थंडीत इतका वेळ..."

"दुर्बीण उलटं दाखवते हे तुला जन्मापासून माहीत आहे!"

"जन्मापासून ऐकलंय. माहीत नाही."

फोनमधून नोंदवाले खाकरले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "म्हणजे मुळात तुमचं बरोबरच होतं की, बाई. झालं तर मग! मी नोंद धरतो."

मोह कुणाला होत नाही? मला झाला. एका शब्दाचं काम होतं. पण मुळात बरोबर होतं हे आता सांगत कोण होतं? मला बरं वाटावं म्हणून कापूस हलवणारी माझी बहीण, आणि उत्तर ऐकून झाल्यावर मी. उत्तर कळल्यावर आठवलेलं धरायचं नसतं. मुद्रितशोधनात ते पहिल्या दिवशी शिकवतात. शिवाय तीन तारे एका ओळीत, मग राहिल्या किती जागा? आंधळ्यानं नेम धरला तरी लागला असता.

"धरू नका," मी म्हणाले. "मी पुन्हा बघते."

"चंद्र मोठा होत चाललाय, बाई. रोज उशिरा मावळतोय. अजून थोड्या पहाटा मिळतील, मग तो सकाळपर्यंत रेंगाळेल. तो हटेपर्यंत धूमकेतू तुमच्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर गेलेला असेल."

"मग थोड्या पहाटा मिळतील."

त्या मिळाल्या त्याही ढगाळ. मी रोज उठायचे, खिडकीत जायचे, वर बघायचे आणि परत येऊन पडायचे. धाकटीशी मी बोलणं टाकलं होतं. ती माझ्यापुढं चहा ठेवायची, मी तो गार होऊ द्यायचे आणि मग गार चहा पिऊन तिला आणखी राग आणायचे. शेवटी तीच खुर्ची ओढून समोर बसली.

"मारायचं तर मार, पण बोल."

"कापूस हलवलास का?"

"तुझी दुर्बीण जाऊ नये म्हणून."

"तुलाच तर ती जायला हवी होती!"

"मला जिना जायला हवा होता, ताई. दुर्बीण नव्हे."

मी गार चहाचा कप जवळ ओढला. मग ती म्हणाली, "आणि दवाखान्यात खरं सांगून कुणाचं भलं झालेलं मी बघितलं नाही."

"मी तुझी पेशंट नाही," मी म्हणाले. "सगळे मला आता असंच बोलतात. छान दिसतंय, छान चाललंय, जपून हं. रस्ता ओलांडताना अनोळखी पोरी हात धरतात. तू तरी धरू नकोस. जिन्यावर धर, बोलण्यात धरू नकोस. तू प्रत्येक वेळी हो म्हणतेस, म्हणून तुझ्या होची किंमत शून्य झालीय, आणि मला या घरात विचारायला दुसरं कोणी नाही."

ती खुर्ची मागे सारून उठून गेली. मला वाटलं, दुखावली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात दुसरा ट्रे होता.

"मला कोरी प्रत दे," ती म्हणाली.

शेवटची पहाट निम्मी उघडी मिळाली. पूर्वेला ढगांचा एक पट्टा होता, तो हळूहळू वर सरकत होता. चंद्र मावळला आणि उजाडायला लागलं यांच्यामध्ये जो काय अंधार उरला होता, तेवढाच आमचा. नोंदवाल्यांनी नवा तारा सांगितला होता. धूमकेतू आता पुढं सरकला होता, आणि या खेपेचे तारे वेडेवाकडे, कुठूनही सारखे नसलेले होते. अंदाजानं नेम लागण्यासारखं काही नव्हतं. फोटो त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता; तसं धाकटीनंच त्यांना फोन करून बजावलं होतं.

मी बघायला बसले. समोरच्या इमारतीत कुणीतरी दिवा लावला, तर धाकटी चादर ताणून माझ्या आणि त्या खिडकीच्या मध्ये उभी राहिली. मी शोधत राहिले. नाही. टिचकी. नाही. डोळ्यात पाणी आलं, पुसलं, पुन्हा डोळा लावला. मला एकदा तो दिसला, पण मी तो धरला नाही. स्वतःला म्हटलं, तुला हवाय म्हणून दिसतोय. दुसरीकडे बघ आणि परत ये. दुसरीकडे बघितलं, परत आले, नव्हता. मग ठरवलं, आता त्याची वाटच बघायची नाही. मी ताऱ्यांमधली मोकळी जागाच तपासायला लागले, एकेक तुकडा, कोऱ्या कागदावर डाग शोधावा तसा, काहीच सापडणार नाही असं धरून. आणि दोन बारीक ताऱ्यांच्या मधोमध, जिथं तो असावा असं माझ्या मनातही नव्हतं तिथं, तो होता. ढगाचा पट्टा कडेच्या ताऱ्यापाशी पोचला होता. मी डोळे मिटले, उघडले, टिचकी मारली. होता. होता तिथंच होता.

मी ट्रे घेतला, बटणं लावली, कापूस ठेवला आणि वर डब्याचं झाकण पालथं घातलं. उठले आणि खुर्ची धाकटीला दिली.

तिनं डोळा लावला. मी गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि ओठ चावून धरले. नुसतं "उजवीकडे" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती बराच वेळ बसली. इतका वेळ तिनं बाबांच्या वेळीही आकाश बघितलं नव्हतं. तिचे गुडघे दुखतात, हे मला माहीत होतं. तीही टिचकी मारत होती, तिच्या नखाचा आवाज येत होता. शेवटी ढग आला आणि तिनं तिच्या ट्रेवर झाकण ठेवलं.

खाली आल्यावर दोन्ही ट्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. नोंदवाले फोनवर होतेच. तेही त्या दिवशी झोपले नव्हते बहुतेक. झाकणं काढली, धाकटीनं दोन्हींचे फोटो पाठवले.

"दुसऱ्या ट्रेत बटणं आहेत, कापूस दिसत नाही," ते म्हणाले. "पाठवताना पडला का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "मी ठेवलाच नाही. तारे दिसले. तो नाही दिसला."

साठी उलटलेली माझी बहीण. तिच्या तोंडून समोरच्याला नको असलेलं उत्तर मी पहिल्यांदा ऐकत होते. तिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. सुईत दोरा ती चष्म्याशिवाय ओवते. एक हो म्हणणं तिला किती सोपं होतं, आणि आत्ता माझ्यासाठी तिला ते किती म्हणावंसं वाटत होतं, हे मला कळत होतं. तिचा हात टेबलावर होता. मी त्याच्यावर माझा हात ठेवला.

"आणि पहिला ट्रे?" मी विचारलं.

"फोटो फिरवून लावतोय," ते म्हणाले. मग नुसती माऊसची टकटक ऐकू आली. "बाई, दोन बारीक ताऱ्यांच्या मधोमध. बरोबर तिथंच आहे. तुमचा कापूस उचलून त्याच्यावर ठेवला तर त्याला झाकून टाकील."

मी खाली बसले. आनंद झाला की मी भांडायला उठते, पण त्या दिवशी मला भांडताही आलं नाही. दिसला. मला दिसला. मनात आलं, माझ्यातलं जे गेलं ते गेलं, पण मी गेलेले नाही.

"दुसऱ्या निरीक्षकाच्या पुढं काय लिहू?" नोंदवाल्यांनी विचारलं. "रिकामं सोडू का?"

"रिकामं कशाला?" मी म्हणाले. "लिहा, बघितलं, दिसला नाही. तिच्या नाहीवरच तर माझा हो उभा आहे."

फोन ठेवल्यावर धाकटी चहा टाकायला उठली. मी तिच्या कानापलीकडच्या खिडकीकडे बघितलं, म्हणजे मला तिचा चेहरा दिसला. रात्रभरच्या जागरणानं तो ओढलेला होता, आणि चांगला दिसत होता. जे विचारायचं मी डॉक्टरलाही टाळलं होतं ते मी तिला विचारलं.

"खरं सांग. तो पुढच्या वेळी येईल तेव्हा माझ्या कडा राहिल्या असतील का ग?"

ती नेहमीसारखं "राहतील ग, न राहायला काय झालं" म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. तिनं आधण ठेवलं, गॅस बारीक केला, आणि माझ्याकडे वळली.

"माहीत नाही, ताई," ती म्हणाली. "जिन्याला कठडा तेवढा बसवून घेऊ."